घरातल्या रोपांवरचे दिवे आणि तापणारे प्लग
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ऊन न पोहोचणाऱ्या खोलीत कृत्रिम प्रकाशावर रोपे वाढवणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे सातत्याने येत आहेत. प्रकाशाचे अंतर, खत आणि पाणी यांविषयीच्या प्रश्नांना या सदरात वेळोवेळी उत्तरे दिली आहेत. या वेळी मात्र वीजजोडणी आणि उष्णता यांविषयीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण त्यांतल्या काही पत्रांतील वर्णन वाचून खरोखर काळजी वाटली. घरातली बहुतेक जास्त वीज खाणारी उपकरणे थोडा वेळ चालतात आणि ती चालू असताना जवळ कोणीतरी असते. रोपांवरचे दिवे रोज बारा ते सोळा तास, महिनोन्‌महिने, आणि पुष्कळदा घरातले सगळे झोपलेले किंवा बाहेर गेलेले असताना चालू राहतात. जो जोड दहा मिनिटे निभावून नेतो, तो बारा तास निभावेलच असे नाही, आणि पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

प्रश्न : मी चार फळ्यांच्या रॅकवर एलईडी पट्ट्या लावल्या असून त्या, एक छोटा पंखा आणि बियांच्या ट्रेखालची गरम चटई असे सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालते. सगळ्यांची बेरीज केली तर ती 6 अँपिअरच्या आसपास येते आणि बोर्डावर 10 अँपिअर लिहिलेले आहे. तरीही बोर्डाचा प्लग हाताला चांगलाच गरम लागतो आणि एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले आहे. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) मात्र आजवर एकदाही पडलेला नाही. म्हणजे भार मर्यादेत आहे असे समजून निश्चिंत राहावे का?

उत्तर : भार मर्यादेत आहे हे आपले गणित बरोबर असेलही, परंतु निश्चिंत राहू नये. तो प्लग आणि तो ज्या सॉकेटमध्ये बसतो ते सॉकेट, दोन्ही आजच वापरातून काढावीत.

एमसीबी पडला नाही, याचा अर्थ एवढाच की तारेतून वाहणारा प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला नाही. एमसीबी फक्त प्रवाह पाहतो. भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर प्रवाह वाढतो आणि तो पडतो. जोड ढिला झाला असेल तर मात्र प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, कारण वाटेत अडथळा वाढलेला असतो. म्हणून प्लग वितळेपर्यंत एमसीबीला काहीही कळत नाही. ठिणगी ओळखून वीज तोडणारी उपकरणे आता मिळतात आणि ती लावणे चांगलेच आहे, पण ठिणगी न पडता नुसता तापत राहणारा जोड त्यांच्याही नजरेतून सुटू शकतो.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट अधिक स्पष्ट होईल. 0.75 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची दहा मीटर लांब वायर घेतली, तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे होते आणि त्याचा रोध साधारण अर्धा ओम भरतो. त्यातून 6 अँपिअर प्रवाह गेला की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने 18 वॅट उष्णता तयार होते. ती दहा मीटरभर पसरलेली असल्यामुळे प्रत्येक मीटरच्या वाट्याला दोन वॅटही येत नाहीत आणि वायर जेमतेम कोमट लागते. तोच अर्धा ओम प्लगची पिन आणि सॉकेटची पकड यांच्यामधल्या काही मिलिमीटर जागेत निर्माण झाला, तर तेच 18 वॅट एका बिंदूवर एकवटतात. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच शक्तीचे असते, आणि ते प्लास्टिकच्या डबीत कोंडून रोज बारा तास चालू ठेवल्यावर काय होईल ते सांगायला नको. शिवाय हे चक्र स्वतःला वाढवत नेते. उष्णतेने सॉकेटच्या आतल्या पितळी पट्टीचा ताण कमी होतो आणि पकड सैल होते. सैल पकडीत धातूवर काळा थर चढतो, थरामुळे रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. आपल्या प्लगचे तपकिरी झालेले प्लास्टिक या चक्राची सुरुवात होऊन बराच काळ लोटल्याची खूण आहे.

असा प्लग वीज पूर्ण बंद करून उघडून पाहिला तर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसते. दोन टर्मिनलांचे स्क्रू घट्ट असतात आणि तिसरा स्क्रूड्रायव्हर टेकवताच सहज पाव फेरा फिरतो. त्याखालच्या तांब्याच्या तारांचा चकचकीत नारिंगी रंग जाऊन त्या काळपट जांभळ्या झालेल्या असतात आणि त्यांच्यावरचे इन्सुलेशन इतके कडक झालेले असते की वाकवले की तडकते. नवा प्लग लावताना ही करपलेली वायर तशीच वापरू नये. चकचकीत तांबे आणि मऊ इन्सुलेशन दिसेपर्यंत वायर मागे कापत जावी. बारीक तारांचे टोक एकत्र राहावे म्हणून काही जण त्यावर सोल्डर चढवून मग स्क्रूखाली दाबतात. हे चुकीचे आहे, कारण सोल्डर मऊ असल्यामुळे दाबाखाली हळूहळू सरकतो आणि काही महिन्यांत तोच स्क्रू पुन्हा सैल होतो. टोकाला योग्य मापाची धातूची टोपी दाबून बसवावी, किंवा तारा नीट पिळून एकही तार बाहेर न राहील अशा बेताने टर्मिनलमध्ये घालाव्यात. सॉकेट बदलणेही तितकेच आवश्यक आहे, कारण जुन्या सॉकेटची पकड गेलेली असेल तर नवा प्लगही त्याच वाटेने जातो. भिंतीतले सॉकेट बदलण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आता मूळ मांडणीविषयी. बोर्डावर लिहिलेले 10 अँपिअर हे लक्ष्य नसून कमाल मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत सलग तीन तास किंवा अधिक चालणारा भार हा ‘अखंड भार’ मानतात आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे सर्किटच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंतच भार घेऊ देतात. आपण कोणत्याही देशात राहत असलात तरी रोपांच्या दिव्यांसाठी हा नियम पाळण्यासारखा आहे. घरगुती एक्स्टेंशन बोर्डाच्या बाबतीत तर मी त्याहूनही खाली, निम्म्याच्या आसपास थांबावे असे सुचवीन, कारण प्रवाह निम्मा झाला की त्याच जोडातील उष्णता एकचतुर्थांश होते. गरम चटईसारखी उष्णता देणारी वस्तू वेगळ्या सॉकेटवर न्यावी. एका बोर्डात दुसरा बोर्ड कधीही लावू नये, कारण प्रत्येक जादा बोर्डामागे आणखी एक प्लग आणि आणखी एक सॉकेट, म्हणजे तापू शकणाऱ्या जोडांचा आणखी एक संच वाढतो आणि सगळ्यांचा भार पहिल्या प्लगवर येतो. जास्तीची वायर गुंडाळी करून रॅकमागे टाकण्याची सवयही सोडावी. मोकळ्या वायरीतून निघून जाणारी उष्णता गुंडाळीत अडकते. वायरच्या रिळांवर गुंडाळलेल्या आणि पूर्ण उलगडलेल्या अवस्थेसाठी दोन वेगवेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या याचसाठी.

प्रश्न : दिवा चालू असताना त्याच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात. टेस्टर लावला की तोही मिणमिणतो. दिवा मात्र उत्तम चालतो. ही गोष्ट किती गंभीरपणे घ्यावी?

उत्तर : पूर्ण गंभीरपणे. आपल्या दिव्याला अर्थिंग मिळत नाही, आणि ते मिळेपर्यंत दिवा बंद ठेवावा.

एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे घरातली वीज एलईडीला हवी तशी करून देणाऱ्या भागात, विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) असतात. त्यांतील एक फेज आणि चौकट यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि चौकट यांच्यामध्ये जोडलेला असतो. अर्थिंगची तार व्यवस्थित असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह तिच्यावाटे जमिनीत जातो आणि आपल्याला काही जाणवत नाही. अर्थिंग तुटलेले असेल तर चौकट दोन्ही कपॅसिटरांच्या मधोमध लटकते आणि तिच्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या जवळपास व्होल्टेज येते. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर ते साधारण 115 व्होल्ट भरते. कपॅसिटर लहान असल्यामुळे तेवढ्या व्होल्टेजवरही झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही, आणि म्हणूनच लोक याकडे दुर्लक्ष करतात. खरा धोका पुढचा आहे. उद्या आत कुठे इन्सुलेशन सोलले आणि फेजची तार चौकटीला टेकली, तर अर्थिंग नसल्यामुळे एमसीबी पडणार नाही, संपूर्ण चौकट जिवंत होईल, आणि ओल्या हाताने कुंडी उचलणारा माणूसच जमिनीकडे जाणारी वाट ठरेल.

दोष शोधताना क्रमाने जावे. प्लगला अर्थिंगची पिन आहे का, दोन पिनांचा जोडप्लग वापरून ती वाया घालवली आहे का, एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीत तिसरी तार खरोखर आहे का, आणि शेवटी भिंतीतल्या सॉकेटपर्यंत अर्थिंग पोहोचते का, असा हा क्रम आहे. शेवटची तपासणी वायरमनने मीटर लावून करायची आहे, टेस्टरवर विसंबून नाही. अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण त्यामुळे दोष नाहीसा न होता घरभरच्या नळांपर्यंत पोहोचतो.

प्रश्न : सहा दिवे एका साध्या प्लग-टाइमरवर आहेत. टाइमरवर 16 अँपिअर लिहिले आहे आणि दिव्यांचा एकूण प्रवाह 7 अँपिअरपेक्षा कमी आहे. तरीही मागच्या महिन्यात टाइमरची चकती फिरत राहिली आणि दिवे मात्र विझलेच नाहीत. दोन दिवसांनी लक्षात आले. टाइमरच निकृष्ट होता का?

उत्तर : टाइमर निकृष्ट असेलच असे नाही. त्याला जे काम दिले, त्यासाठी तो बनलेला नव्हता. आपल्या टाइमरवर बारकाईने पाहिले तर बहुधा 16 च्या पुढे कंसात 2 किंवा तसाच एखादा लहान आकडा छापलेला आढळेल. पहिला आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो, कंसातला चोक किंवा मोटर यांसारख्या भारासाठी. एलईडीचे ड्रायव्हर यांपैकी कशातच चपखल बसत नाहीत. बटण दाबताक्षणी ड्रायव्हरच्या आतला रिकामा कपॅसिटर भरून घेण्यासाठी प्रवाह एकदम उसळतो. 240 वॅटचा ड्रायव्हर 230 व्होल्टवर चालताना एक अँपिअरच्या जरा वर प्रवाह घेतो, पण सुरुवातीच्या साधारण एक हजारांश सेकंदात तो 50 अँपिअरहून अधिक घेणे मुळीच नवलाचे नाही. असे सहा ड्रायव्हर एकाच क्षणी सुरू झाले की टाइमरच्या आतले टिकलीएवढे संपर्कबिंदू दर वेळी किंचित वितळतात, आणि एके दिवशी ते एकमेकांना कायमचे चिकटतात. चकती फिरते, टिक असा आवाजही येतो, पण आतला स्विच उघडतच नाही. आपल्याकडे नेमके हेच झालेले दिसते.

उपाय असा की टाइमरने दिव्यांचा भार थेट वाहू नये. वितरण पेटीत योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की चालू होणारा मोठा स्विच, बसवून घ्यावा, टाइमरने फक्त त्याच्या कॉइलला वीज द्यावी आणि दिव्यांचा प्रवाह कॉन्टॅक्टरच्या भक्कम संपर्कांतून जावा. तेवढे शक्य नसेल तर दोन-दोन दिव्यांना वेगळे टाइमर लावून त्यांच्या सुरू होण्याच्या वेळांत काही मिनिटांचे अंतर ठेवावे. यामुळे सगळी उसळी एकाच क्षणी येणार नाही.

याच उसळीमुळे काही वाचकांकडे दिवे सुरू होताच एमसीबी पडतो. बी प्रकारचा एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या प्रवाहाच्या 3 ते 5 पटीला तात्काळ पडतो, तर सी प्रकारचा 5 ते 10 पटीला. त्यामुळे वायरमनच्या सल्ल्याने त्याच अँपिअरचा सी प्रकार लावता येतो. मात्र 10 अँपिअरच्या जागी 20 अँपिअरचा एमसीबी लावणे म्हणजे भिंतीतल्या वायरीचे संरक्षणच काढून घेणे होय. तसे करण्याला माझा ठाम विरोध आहे, मग ते कोणीही सुचवलेले असो.

प्रश्न : एलईडी थंड असतात असे ऐकून 400 वॅटचा दिवा घेतला आणि कापडी ग्रो-टेंटमध्ये टांगला. खोली 26 अंशांवर असताना टेंटमध्ये 37 अंश होतात. दिवा सदोष आहे का?

उत्तर : दिवा निर्दोष असावा. ‘थंड’ या शब्दाने आपली दिशाभूल केली आहे. चांगल्या एलईडीत विजेचा साधारण अर्धा भाग प्रकाश होतो आणि उरलेला लगेच उष्णता होतो, हे खरे. परंतु तो प्रकाशही पाने, माती आणि टेंटच्या भिंती यांवर पडून शेवटी उष्णताच होतो. वनस्पती रासायनिक रूपात साठवतात तो वाटा अगदी थोडा असतो. पाने पाणी बाहेर टाकतात तेव्हा काही उष्णता बाष्पात जाते, पण ते बाष्पही टेंटमध्येच राहते. थोडक्यात, 400 वॅटचा दिवा टेंटपुरता 400 वॅटचा हीटर आहे, आणि तेवढी उष्णता बाहेर नेण्याची सोय करावी लागते.

किती हवा लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण 1200 जूल लागतात. त्यामुळे 400 वॅट बाहेर नेऊन टेंटचे तापमान खोलीपेक्षा फक्त 5 अंश जास्त ठेवायचे असेल तर तासाला सुमारे 240 घनमीटर हवा बाहेर जायला हवी. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळीची वळणे आणि गाळणी लागली की तो बराच घटतो, म्हणून हिशेबाच्या दीड ते दोन पट क्षमतेचा पंखा घ्यावा. आत येणाऱ्या हवेची झडप टेंटच्या तळाशी आणि बाहेर फेकणारा पंखा वरच्या बाजूला असावा. तसेच तो पंखा त्याच बंद खोलीत हवा सोडत असेल तर खोलीच तापत जाते आणि काही तासांनी सगळा हिशेब कोलमडतो.

दुसरी सुधारणा ड्रायव्हरची. चांगल्या ड्रायव्हरमध्येही 6 ते 10 टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे आपल्या दिव्यात 24 ते 40 वॅट. तो टेंटबाहेर भिंतीवर, भोवती मोकळी हवा राहील असा बसवता आला तर ही उष्णता आत येतच नाही आणि ड्रायव्हरही जास्त टिकतो. त्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हा सर्वांत नाजूक भाग असतो. तापमान 10 अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असा अभियंत्यांचा रूढ ठोकताळा आहे. ड्रायव्हरच्या आवरणावर ‘टीसी’ अशा अक्षरांशेजारी एक ठिपका असतो. त्याच ठिकाणचे तापमान छापलेल्या मर्यादेच्या आत राहिले पाहिजे. ड्रायव्हर एकमेकांवर रचू नयेत आणि त्यांच्यावर कापड टाकू नये. दिव्याच्या पाठीवरच्या, उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांमधली धूळ कोरड्या ब्रशने काढत राहावे.

ड्रायव्हर बाहेर हलवताना एक गोष्ट विसरू नये. ड्रायव्हर आणि दिवा यांच्यामधला एकदिश प्रवाह निरुपद्रवी नसतो. मोठ्या दिव्यांत तिथे शंभर ते दोनशे व्होल्ट, काहींत त्याहूनही जास्त असतात. हा जोड चालू अवस्थेत ओढला तर तिथे ठिणगीची कमान तयार होते, आणि एकदिश प्रवाहातली कमान आपोआप सहजासहजी विझत नाही. चालू ड्रायव्हरला दिवा जोडला तरी एलईडी जळू शकतात. आधी मुख्य प्लग काढावा, थोडा वेळ थांबावे आणि मगच त्या जोडाला हात लावावा.

पंखा बंद पडला तर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. टाइमरवर अजिबात अवलंबून नसलेला, तापमान साधारण 38 ते 40 अंशांवर गेले की दिव्यांची वीज तोडणारा आणि हाताने पुन्हा सुरू करावा लागणारा थर्मोस्टॅट लावावा. थंड झाल्यावर आपोआप सुरू होणारा थर्मोस्टॅट पंख्यातला बिघाड दिवसेंदिवस लपवून ठेवतो.

प्रश्न : पावसाळी हवेत आरसीसीबी वारंवार पडतो. दिवे चालू असताना क्वचितच, पण दिवे विझल्यावर पहाटेच्या सुमारास हमखास. कोणी सुचवले की आरसीसीबी काढून टाका.

उत्तर : तो काढू नका. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो. फरक पडला की तो पडतो, कारण तेवढा प्रवाह कुठेतरी भलत्या वाटेने जमिनीत जात असतो. पडण्याची वेळ आपण नोंदवली हे फार चांगले केले, कारण दोषाचा पत्ता त्या वेळेतच आहे.

दिवे चालू असताना टेंटमध्ये 28 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू 22 अंशांच्या आसपास असतो. दिवे विझल्यावर दोन-तीन तासांत एखादी धातूची पट्टी, प्लगची पिन किंवा बोर्डाचा पृष्ठभाग 22 अंशांखाली गेला की त्यावर दव धरते. शुद्ध पाण्याने फारसे बिघडले नसते, पण खताच्या पाण्याचे शिंतोडे वाळून राहिलेला पांढरा क्षार त्या दवात विरघळतो आणि वीज वाहणारा पातळ थर तयार होतो. टेंटमधले सगळे प्लग काढून पाहा. पिनांच्या बुडाशी पांढरी पूड किंवा हिरवट डाग दिसले की दोष तिथेच समजावा. असे प्लग पुसून परत वापरू नयेत, बदलावेत. बाहेर फेकणारा पंखा दिवे विझल्यावरही चालू ठेवावा आणि सर्व जोड टेंटच्या बाहेर न्यावेत. बाकी सगळे ठीक दिसले तर सर्व उपकरणे काढून एकेक जोडत जावे. ज्याच्या जोडणीने आरसीसीबी पडतो ते दुरुस्तीला द्यावे.

ज्यांच्याकडे दिवे सुरू होतानाच किंवा अधूनमधून कोणत्याही वेळी आरसीसीबी पडतो, त्यांच्या बाबतीत कारण वेगळे असू शकते. झिणझिण्यांच्या उत्तरात सांगितलेला कपॅसिटरांचा झिरपणारा प्रवाह दर ड्रायव्हरमागे अर्धा-पाऊण मिलिअँपिअर असू शकतो. बारा ड्रायव्हर एकाच आरसीसीबीवर असतील तर तो 9 मिलिअँपिअरपर्यंत जातो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणून कायमची गळती 9 मिलिअँपिअरच्या आत ठेवणे शहाणपणाचे. दिवे दोन वेगळ्या आरसीसीबींवर वाटून द्यावेत. आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, कारण वर्षानुवर्षे न हललेला आरसीसीबी ऐन वेळी अडकू शकतो.

प्रश्न : दिव्यावर आयपी 65 लिहिलेले आहे. फवारणी करताना तो चालू ठेवला तर चालेल ना?

उत्तर : चालू ठेवू नये. 65 मधला 6 म्हणजे धूळ पूर्ण रोखली जाते आणि 5 म्हणजे सर्व बाजूंनी येणारी पाण्याची धार सोसते, पण हे वचन फक्त दिव्याच्या आवरणाचे असते. त्याच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाचा प्लग आणि तो ज्यात बसतो तो बोर्ड यांना ते लागू नाही. दिव्याकडून येणारी वायर सॉकेटच्या पातळीखाली उतरून मग वर चढेल असा झोल ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या सर्वांत खालच्या बिंदूवरून जमिनीवर टपकते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीवर, कुंड्या आणि पाण्याची टाकी यांच्यापेक्षा उंच आणि त्यांच्या बाजूला बसवावा, वर नव्हे.

प्रश्न : ओळखीच्या एकाने 600 वॅटचा जुना सोडियम दिवा चोकसह देऊ केला आहे. राहत्या घरात वापरावा का?

उत्तर : माझे मत नको असे आहे. या दिव्याची काच कित्येकशे अंश तापते, त्यावर फवाऱ्याचा एक थेंब उडाला तरी ती तडकू शकते, आणि वाळलेले पान किंवा पडदा तिला टेकणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. पेटताना त्याला काही हजार व्होल्टचा झटका द्यावा लागतो, त्यामुळे मधली वायर त्यासाठीच बनवलेली असावी लागते, आणि जुन्या वायरीचे इन्सुलेशन नेमके तिथेच फुटते. चोकच्या पेटीतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. एवढे सगळे सांभाळून मिळणारा प्रकाश आज त्याहून कमी वॅटच्या एलईडीतून मिळतो.

प्रश्न : ‘1000 वॅट’ असे नाव असलेला दिवा मीटरवर 110 वॅट दाखवतो. मग वायरिंग कोणत्या आकड्यावर ठरवायचे?

उत्तर : प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरने दाखवलेल्या अँपिअरवर. नावातला आकडा जाहिरातीचा आहे. मात्र मीटरवर पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार, हाही पाहावा. तो 0.5 असेल तर 110 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर अर्ध्या अँपिअरऐवजी जवळजवळ एक अँपिअर घेतो आणि वायर त्या प्रवाहाने तापते, वॅटने नाही.

प्रश्न : घरात तापमान मोजणारे मीटर किंवा उष्णता दाखवणारा कॅमेरा नाही. जोडांची तपासणी नियमितपणे कशी करावी, आणि करपल्याचा वास आला तर पहिल्यांदा काय करावे?

उत्तर : दिवे सुरू होऊन दोन-तीन तास झाल्यावर तपासावे, सुरू होताच नव्हे, कारण प्लास्टिकला तापायला तेवढा वेळ लागतो. हात कोरडा ठेवून प्रत्येक प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकजवळ तळहाताची मागची बाजू न्यावी. किंचित कोमट लागले तर हरकत नाही. बोट टेकवून ठेवणे नकोसे वाटले तर तो जोड त्याच दिवशी दुरुस्त करावा. नेहमीच्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा 70 अंश असते, आणि बाहेरचे प्लास्टिक 50 अंशांवर असेल तर आतला धातू त्याहून बराच गरम असतो. लेझरचा ठिपका दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटर घेतले तर ते चकचकीत अॅल्युमिनियमवर थेट रोखू नये, कारण असा धातू उष्णतेचे किरण फार कमी सोडतो आणि मीटर खऱ्यापेक्षा खूपच कमी तापमान दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून, तो तापू देऊन, मग त्या तुकड्यावर मोजावे. दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून प्लगचे स्क्रू तपासावेत, कारण रोजच्या तापण्या-निवण्याने धातू प्रसरण आणि आकुंचन पावतो व स्क्रू हळूहळू सैल होतात. दिवा टांगलेल्या दोरीला जोडीला एक स्वतंत्र धातूची साखळी असावी, म्हणजे दोरी सुटली तरी दिवा रोपांवर कोसळणार नाही.

वासाच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवावी. तापलेल्या स्विच-सॉकेटच्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा करपल्यासारखा न येता माशांसारखा येतो. जवळपास मासे नसताना असा वास आला तर कारण शोधत बसू नये. तापलेला प्लग हाताने ओढू नये, आधी वितरण पेटीतून त्या सर्किटची वीज तोडावी. ज्वाळा दिसल्या तर वीज तोडण्यापूर्वी पाणी मारू नये. कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक दाराजवळ, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावे, टेंटच्या पलीकडे नाही. आग कुंडीएवढ्या जागेपलीकडे गेली असेल तर खोलीचे दार ओढून घेऊन सगळ्यांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. धुराचा अलार्म रोपांच्या खोलीत छताला लावावा, पण तो थेट दमट हवेच्या झोताखाली नसावा, आणि त्याचा आवाज दार बंद असताना झोपण्याच्या खोलीत ऐकू येतो का हे एकदा रात्री प्रत्यक्ष वाजवून पाहावे.